पाच दिवसांची हिरडी

कवठे येमाईच्या शिवारात तोडणी चालू आहे. पौष सरत आलाय, सकाळचं ऊन अजून पाठीला बरं वाटतं, आणि तुम्ही बांधावर उकिडवे बसून ऊस खाताय. सोलून, गंडेऱ्या करून नाही. वाढ्याकडची पाणचट पेरं टाकून दिलीत, बुडख्याचं कांडं गुडघ्यावर मोडलंत आणि साल सरळ दातानं ओढताय. पलीकडे टोळीचे कोयते चालू आहेत. ट्रॅक्टरवर याच गावच्या बशीर मोमीन कवठेकरांचं गाणं लागलंय. फडाच्या मध्यावर उभं राहिलेलं उसाचं जे ठिगळ आहे, त्याच्यावर मात्र प्रत्येकाचा एक डोळा आहे. बिबट्या असलाच तर आता तिथंच असणार.

तुम्ही चोथा थुंकता. त्यावर तांबडी रेघ.

"रगात आलं व्हय?" बांधावर टेकलेली म्हातारी विचारते. तिचं बोट मिश्रीनं काळं झालंय. "मिश्री लावा की वाईच. हिरड्या घट व्हत्यात."

"नको आजी."

"तुमची मर्जी. मला बघा कवा रगात येतंय का."

येणार नाहीच. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दिसायचं थांबतं, आतली झीज चालूच राहते आणि दात हलायला लागेपर्यंत पत्ता लागत नाही. तुमचं दुखणं त्यामानानं साधं आहे. दाताच्या बुडाशी कीटण साचलंय, हिरडी सुजलीय, उसाच्या सालीनं ती ओरखडली. काल संध्याकाळी तुम्ही एक मोठा पेरू खाल्लात, त्यामुळं पुढं ज्या रोगाची गाठ पडणार आहे तो तुम्हाला झालेला नाही.

तेवढ्यात पाचटातून एक उंदीर सुटतो. टोळीतलं पोरगं ढेकूळ भिरकावतं, नेम चुकतो, उंदीर दोन उड्यांत बांधापलीकडं. रात्रभर तो हाच ऊस कुरतडत होता. तुमच्यापेक्षा जास्त वेळ, तुमच्यापेक्षा जास्त जोर लावून. त्याच्या हिरडीला कसं काही होत नाही? त्याच्या तोंडात डोकवायचं तर आधी १९७७ सालात चला.

टोरंटो, कॅनडा. जारो सोडेक नावाचा संशोधक प्रौढ उंदरांना किरणोत्सारी प्रोलीन टोचतोय. प्रोलीन हे अमिनो आम्ल, आणि कोलॅजेन तयार करायला ते मोप लागतं. टोचलेलं प्रोलीन कुठल्या भागात किती शिरलं आणि किती दिवसांनी तिथून गेलं हे मोजलं, की त्या भागातलं कोलॅजेन किती वेगानं मोडतं आणि नवं होतं ते समजतं. तुम्ही खांद्यावरून आकडे बघता. उंदराच्या कातडीतलं निम्मं कोलॅजेन बदलायला साधारण १५ दिवस. जबड्याच्या हाडात ६. हिरडीत ५. आणि दाताचं मूळ हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंमध्ये अवघा १ दिवस.

म्हणजे आज संक्रांत असेल, तर संक्रांतीला उंदराच्या हिरडीत जे कोलॅजेन होतं त्यातलं निम्मं पाच दिवसांत गेलेलं असतं आणि त्याच्या जागी नवं आलेलं असतं. माणसाच्या तोंडात हा कारभार बराच सावकाश चालतो, पण तिथंही हिरडी कातडीच्या पुढंच. हिरडीला आपण काही न करणारी, दातांच्या मधली जागा भरून काढणारी वस्तू समजतो. खरं तर अंगातल्या सर्वांत कामसू जागांपैकी ती एक आहे. उंदराला तर याशिवाय गत्यंतरच नाही. त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढत असतात, रोज जवळजवळ अर्धा मिलिमीटर. दात वर सरकतो, तसे त्याला धरून ठेवणारे तंतू तुटायला हवेत आणि पुन्हा बांधले जायला हवेत. एका रात्रीसाठी हे काम थांबलं तरी दात ढिला पडेल.

आता आणखी लहान व्हा. इतके लहान की हिरडीतली एक पेशी तुमच्यापुढं वाड्याएवढी उभी राहील. हिला फायब्रोब्लास्ट म्हणतात. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. आत शिरा. आत कोलॅजेनचे धागे निघतायत. प्रत्येक धाग्यात दर तिसऱ्या जागेवर ग्लायसीन, सर्वांत छोटं अमिनो आम्ल, कारण तीन धागे एकमेकांत पिळले गेले की दर तिसरी जागा मधोमध येते आणि तिथं दुसरं काही मावतच नाही. ही तीन पदरांची रचना १९५४-५५ मध्ये मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी उलगडली. दोर वळणाऱ्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. तीन पेड, प्रत्येकाला आपला पीळ, आणि तिन्हींना मिळून उलटा पीळ.

पण वळलेला दोर सुटू नये म्हणून आणखी एक गोष्ट करावी लागते, आणि सगळी गंमत तिथं आहे. धाग्यातल्या ठराविक प्रोलीनवर ऑक्सिजन जोडायचा. हे काम करणाऱ्या विकराच्या पोटात लोहाचा एक अणू असतो. जोडणी करता करता त्या लोहाचं ऑक्सिडीकरण होतं आणि विकर अडून बसतं. त्याला पुन्हा कामाला लावतं ते सी जीवनसत्त्व. ते नसेल तर धागे निघत राहतात, पिळायचा प्रयत्नही होतो, पण ऑक्सिजन न जोडलेला पीळ २४ अंश सेल्सियसच्या आसपासच उलगडतो. अंगाचं तापमान ३७. असा पीळ शरीरात टिकतच नाही. पेशी तो बाहेर सोडत नाही, किंवा सोडला तरी त्याचा काही उपयोग होत नाही.

तर मग उंदीर पेरू खात नाही, लिंबू चोखत नाही, तरी त्याचं कसं भागतं? त्याच्या यकृतात जा. तिथं ग्लुकोजपासून सुरुवात होते, चार-सहा पायऱ्या होतात, आणि शेवटच्या पायरीवर गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज नावाचं विकर सी जीवनसत्त्व हातात ठेवतं. तुम्ही आणि तो एकाच फडातला ऊस खाताय. त्याच्या पोटात गेलेल्या साखरेतून त्याची हिरडी शिवायचं सामान निघतं. तुमच्या पोटात गेलेल्या साखरेतून फक्त साखर निघते. त्या ठिगळात दबून बसलेल्या बिबट्यालाही हे जमतं, बांधावरच्या शेळीलाही जमतं, तिच्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यालाही जमतं. माझ्या मते माणसाचा याहून मोठा अपमान दुसरा नाही, पण तो कसा झाला ते अजून बरंच मागं आहे.

आधी परत कवठ्यालाच. साल १९७२.

ऊस नाहीच. तुम्ही ज्या बांधावर बसला होतात तिथं उघडी, भेगाळलेली माती. दोन वर्षं पाऊस नीट नाही, यंदा तर अजिबात नाही. माळावर पाझर तलावाचं काम निघालंय. बाया पाट्या वाहतायत, पुरुष खडी फोडतायत, मुकादम मस्टर घेऊन झाडाच्या तुटपुंज्या सावलीत बसलाय. दुपारी फडकी सुटतात. अमेरिकेहून आलेला मिलो, तांबडी ज्वारी, तिच्या भाकरी. भाकरी वळत नाही, भाजली की दगड होते. एक पोर ती दाताखाली धरतं आणि रडकुंडीला येतं.

"आये, टोचतंय."

"पाण्यात बुडवून खा. न्हाईतर थांब जरा."

बाई उठते आणि ओढ्याकाठच्या शेवग्याकडं जाते. विहिरी आटल्यात तरी शेवगा कसाबसा हिरवा आहे. ती मूठभर पाला ओरबाडते, हातावर चोळते, मीठ लावून पोराच्या हातावर ठेवते. वाळल्या धान्यात सी जीवनसत्त्व नसतंच, मग ते मिलो असो, गहू असो की बाजरी. शेवग्याच्या ताज्या पाल्यात संत्र्याच्या कितीतरी पट असतं. तिला यातलं काही ठाऊक नाही. तिच्या आईनं तिला पाला खाऊ घातला होता, बस. दुष्काळाच्या इतिहासात मंत्री येतात, मस्टर येतं, सुकडी येते. शेवग्याचं नाव मी क्वचितच वाचलंय.

१९४० च्या बॉस्टनमध्ये फार वेळ काढू नका. तिथं जॉन क्रॅंडन हा तरुण शल्यविशारद सहा महिने फळ-भाजी न खाता स्वतःवर प्रयोग करतोय. तिसऱ्या महिन्यात त्याच्या पाठीवर मुद्दाम केलेली जखम नीट भरली. सहाव्या महिन्यातली भरली नाही. वरची कातडी मिटली, खाली सगळं उघडं. शिरेतून सी जीवनसत्त्व दिल्यावर तीही भरून आली. चमत्कारिक गोष्ट अशी की इतकं होऊनही त्याच्या हिरड्या दिसायला ठणठणीत होत्या. दात स्वच्छ होते, कीटण नव्हतं. हिरडी आधीच सुजलेली असली की मगच तिथलं दुबळेपण असं भडकून बाहेर येतं.

१९०७, ख्रिस्तियानिया. आजचं ऑस्लो. नॉर्वेजियन खलाशांना बेरीबेरीसारखा एक रोग होतोय, त्याचा छडा लावायला आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिख यांनी गिनी पिग आणलेत. गिनी पिग हाही उंदराच्याच कुळातला, कुरतडणारा. त्यांना नुसतं धान्य आणि पाव घातला. पिंजऱ्याजवळ वाका. जनावर कोपऱ्यात बसलंय, हलवलं तर चिरकतं, सांध्यांभोवती रक्त साकळलंय. जबडा उघडून चिमटा लावला की दाढ डुगडुगते. बेरीबेरी नव्हेच, ही तर स्कर्व्ही. कोबी किंवा लिंबाचा रस दिला की तेच जनावर सुधारतं.

तोपर्यंत स्कर्व्ही हा माणसाचाच रोग समजला जात होता. त्या दोघांनी गिनी पिगऐवजी साधा उंदीर घेतला असता, तर नुसत्या धान्यावर तो मजेत राहिला असता आणि आपण आणखी कित्येक वर्षं अंधारात चाचपडत बसलो असतो. कुरतडणाऱ्यांच्या एवढ्या मोठ्या खानदानात गिनी पिगाच्या शाखेचंच शेवटच्या पायरीचं विकर बंद पडलेलं आहे, आणि नेमका तोच पिंजऱ्यात होता. याला नशीब म्हणायचं नाही तर काय?

आता समुद्र. मार्च १७४१, केप हॉर्न. तिकडं साताऱ्यात नानासाहेबांना पेशवाईची वस्त्रं मिळून वर्षही झालेलं नाही, आणि इकडं तुम्ही इंग्रजांच्या सेंच्युरियन जहाजाच्या खालच्या डेकवर आहात. कमोडोर अॅन्सन सहा लढाऊ जहाजं घेऊन निघालाय. जगाला वळसा घालून १७४४ मध्ये परत पोचेल ते हे एकटं. वर वादळ, खाली कुबट अंधार. झुल्यांमध्ये माणसं पडलीत. त्यांच्या हिरड्या दातांवर चढल्यात, काळ्यानिळ्या, बोट लावलं की रक्त आणि अशी दुर्गंधी की तुम्ही तोंड फिरवता. कडक बिस्किट त्यांना चावत नाही.

यात एक म्हातारा आहे. जहाजाचा पाद्री रिचर्ड वॉल्टर यानं त्याची हकीकत नंतर छापली, म्हणून आपल्याला कळलं. पन्नास वर्षांपूर्वी, १६९० मध्ये, आयर्लंडात बॉइन नदीकाठच्या लढाईत तो जखमी झाला होता. जखम केव्हाच भरली होती. पन्नास वर्षं त्यानं तो व्रण अंगावर वागवला, बहुधा कधीमधी पोरांना दाखवलाही असेल. इथं, या झुल्यात, ती जखम पुन्हा उघडली. जणू कधी भरलीच नव्हती, असं वॉल्टर सांगतो. जुळून आलेलं एक हाडही पुन्हा सुटलं.

त्या म्हाताऱ्याजवळ जरा बसा. जखम एकदा भरली की काम संपलं अशी आपली समजूत असते. व्रण म्हणजे संपलेल्या गोष्टीची खूण, असंच आपण धरून चालतो. पण व्रणातलं कोलॅजेनही सतत मोडत असतं आणि सतत नवं भरलं जात असतं. पन्नास वर्षं त्याच्या शरीरानं ती जखम रोज भरली होती. सामान यायचं थांबलं, मोडणं मात्र चालू राहिलं, आणि बॉइनची लढाई परत आली. हिरडी आधी जाते याचंही कारण हेच. जिथं उलाढाल मोठी, तिथं टंचाई पहिल्यांदा दिसते.

इथून लांबची उडी आहे, पण ठिकाण जवळचं. कवठ्याहून निघा, निघोजच्या रांजणखळग्यांवरून कुकडीच्या पाण्याबरोबर खाली उतरा, कुकडी घोडीला मिळते, आणि घोडीच्या काठानं शिरूर मागं टाकून तालुक्याच्या खालच्या टोकाला इनामगावला या. साल विचाराल तर इसवी सनापूर्वी ९०० च्या आगेमागे.

दोनशे वर्षांपूर्वी आला असतात तर वेगळं गाव दिसलं असतं. चौकोनी, प्रशस्त घरं, नदीचं पाणी वळवणारा पाट आणि बांध, मुखियाचं पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार. आता पाट गाळानं भरलाय. पावसाचा भरवसा उडालाय. घरं लहान, वाटोळी, कुडाची. माणसं सातूपेक्षा शिकारीवर जास्त विसंबलीत. दारापुढं चूल, चुलीजवळ तांबड्या मातीचं, काळ्या रेघांची नक्षी असलेलं तोटीचं भांडं. ते तुम्हाला कुठंतरी पाहिल्यासारखं वाटेल. डेक्कन कॉलेजच्या संग्रहातलं खापर आठवत असेल तर बरोबर आहे.

एका घरात बाई बसलीय. मांडीवर वर्षाच्या आतलं मूल. तुम्ही तिच्याशी बोलू शकत नाही, तिची भाषा कुठली होती ते कुणालाच माहीत नाही. मूल किरकिर करतंय, पाय ताणू देत नाही, पायाला हात लावला की ओरडतं. ती त्याच्या तोंडात बोट घालते. खालचे पटाशीचे दोन दात आलेत. त्या दोन दातांभोवती हिरडी फुगलीय, वांग्याच्या रंगाची. जिथं दात अजून आलेले नाहीत तिथली हिरडी साफ गुलाबी. स्कर्व्ही अशीच वागते. बिनदाताच्या हिरडीला ती सहसा हात लावत नाही.

हे मूल माझ्या कल्पनेतलं आहे, हे आत्ताच सांगून टाकतो. हिरडी मातीत टिकत नाही. १९६८ ते १९८३ या काळात सांकलिया, ढवळीकर, अन्सारी आणि त्यांचे सहकारी इथं खणत होते तेव्हा त्यांना हाडं आणि दात मिळाले, हिरडी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. मिळालं ते असं: घरांच्या जमिनीखाली दोनशेहून जास्त दफनं, त्यातली बहुतेक लहान मुलांची. दोन रांजण आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आत मूल. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले; मेल्यावर त्यांनी घर सोडून जाऊ नये म्हणून, असा अंदाज. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या दातांचा अभ्यास केला. दुधाच्या सुळ्यांवर त्यांना खळगे दिसले, दात घडत असताना मूल अडचणीत होतं याची खूण. ग्वेन रॉबिन्स शुग यांना उत्तर जोर्वे काळातल्या, म्हणजे या वाटोळ्या घरांच्या काळातल्या, मुलांची वाढ खुंटलेली आढळली. दात एकदा घडला की घडला, दुखण्याची नोंद त्यावर कायमची राहते. हिरडी जुनं सतत टाकून देते, म्हणून तिच्याकडं कुठलाच पुरावा उरत नाही.

घराच्या कोपऱ्यात धान्याची कणगी आहे. कणगीत सातू, आणि सातूत उंदीर. धान्य आलं तिथं उंदीर आलाच. मुलाची आई त्याच कणगीतला सातू भरडून कण्या शिजवते आणि मुलाला चारते. उंदीरही तेच खातो. एकाच कणगीवर दोघं वाढतायत, आणि उंदराची हिरडी घट्ट आहे, मुलाची सुटत चाललीय. ख्रिस्तियानियाच्या पिंजऱ्यातलं खाणं आठवा.

पण बाहेर बघा. नदीकाठच्या काटवणात बोरी लगडल्यात. बोर हे अवर्षणाला न जुमानणारं झाड. शेत जळालं तरी बोरी फळ धरतात. इनामगावच्या चुलींच्या राखेत जळक्या बोरांच्या आठ्या सापडल्यात, तेव्हा इथली माणसं बोरं खात होती याबद्दल शंका नको. झाडावर लालबुड्या बुलबुलांचा गलका चाललाय. बुलबुल उगाच नाही आलेला. १९५८ मध्ये कलकत्त्याला रॉय आणि गुहा यांनी दाखवून दिलं की हा पक्षी सी जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही, फळं तोडली तर त्यालाही स्कर्व्ही होते. म्हणजे या काठावर आपल्या जातीचा आणखी एक भिकारी. मोठी मुलगी ओटीत बोरं घेऊन येते. आई एक बोर दातानं फोडते, गर चावून मऊ करते आणि बोटानं मुलाच्या जिभेवर ठेवते. ते तोंड वेडंवाकडं करतं आणि गिळतं. बोरांचा हंगाम आणखी महिनाभर टिकेल. त्या महिन्यात ही हिरडी स्वतःला नव्यानं शिवत राहील. पुढं चैत्र-वैशाख आहे, तेव्हाचं काही सांगता येत नाही.

अजून मागं जायचंय, आणि आता इथं थांबून चालणार नाही. पायाखालचा हा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहिला. तो थंड झाल्यावर काही काळानं, सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी, ही गोष्ट घडली. पण या जमिनीवर नाही. हिंदुस्थान तेव्हा आशियाला चिकटायच्या वाटेवरचं बेट होतं. माकडांचा, वानरांचा आणि आपला एक चिमुकला, झाडावर राहणारा पूर्वज दुसऱ्या कुठल्यातरी जंगलात फळं खात होता. त्याच्या यकृतातल्या त्या शेवटच्या विकराच्या जनुकात बिघाड झाला. त्याला काहीच झालं नाही, हीच यातली मेख आहे. तोंडात फळ होतं. हिरडीतून रक्त आलं नाही, दात पडला नाही, पिल्लं झाली, पिल्लांकडं तोच बिघाड गेला. फळं मुबलक होती तोवर बिघाड झाल्याचं कुणाला कळायचं कारणच नव्हतं. त्या जनुकाचा मोडका सांगाडा आजही तुमच्या आठव्या गुणसूत्रावर पडून आहे. गिनी पिगाच्या घराण्यात असाच बिघाड स्वतंत्रपणे, खूप नंतर झाला.

एका जनुकावर एवढं सगळं अवलंबून आहे हे पटत नसेल तर परतीच्या वाटेवर जपानात डोकवा. १९८० च्या दशकात शिओनोगी कंपनीच्या प्रयोगशाळेत उंदरांचा एक वाण निघाला. हाडं वाकडी, अंगात रक्तस्राव. तपासलं तर त्याच विकराच्या जनुकात एका अक्षराची चूक. उंदीर असूनही त्याला सी जीवनसत्त्व बाहेरून द्यावं लागत होतं. हिरडीचा अभ्यास करणाऱ्यांना हा वाण चांगलाच कामाला आला.

कवठ्याला परतण्याआधी एक शेवटचा थांबा घ्या, कारण इथवर आपण फक्त कोलॅजेन कमी पडण्याची बाजू पाहिली. मुंबई, १९५३. डॉ. एस. जी. जोशी हे कान-नाक-घशाचे डॉक्टर एका रोग्याचा टाळू बघतायत. आदल्या वर्षी केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात असंच काही दिसल्याची नोंद श्वार्ट्झ यांनी केली होती. टाळू पांढुरका, गालाची आतली बाजू ताठ, बोटाला आत दोऱ्या लागतात. रोग्याला तिखट सोसत नाही. जोशींनी त्याचं वर्णन केलं ते श्लेष्मल पडद्याखाली तंतू माजण्याचं.

इथं कोलॅजेनला काही कमी नाही, उलट ते उतू जातंय, आणि त्याला कारण चघळलेली सुपारी. सुपारीतलं अरेकोलीन फायब्रोब्लास्टला डिवचतं, सुपारीतलं तांबं कोलॅजेनच्या तंतूंना एकमेकांशी जखडणाऱ्या विकराला जोर देतं, आणि जुने तंतू गिळून टाकण्याचं पेशीचं काम मंदावतं. तयार होणं चालू, मोडणं बंद. इथं मात्र उंदराला सूट नाही. प्रयोगशाळेत उंदराच्या तोंडाला महिनोन्‌महिने अरेकोलीन लावलं की त्याच्याही गालात तंतू माजतात. यकृतातलं ते विकर यात काही कामाला येत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. गुटख्याच्या पुड्या तेव्हा यायच्या होत्या. त्या आल्या, गल्लोगल्ली लटकल्या, २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, आणि पुड्या दिसेनाशा झाल्या असं काही मला तरी वाटत नाही.

आता बांधावर या. ऊन चढलंय, आजी उठून गेलीय, टोळी जेवायला बसलीय. उंदरावर ढेकूळ मारणारं ते पोरगं, असेल सतरा-अठराचं, भाकरीचा तुकडा मोडून मोडून बारीक करतंय.

"असं काय खातोस रे?"

"मोठा घास जात न्हाई, दादा."

"तिखट लागतं?"

"लय. डोळ्यातनं पाणी."

तुम्ही त्याला तोंड उघडायला सांगता, आणि स्वतःची तीन बोटं उभी धरून दाखवता. धडधाकट माणसाच्या तोंडात ती वरच्या आणि खालच्या दातांमध्ये बसतात. पोरगं हसतं, हात धोतराला पुसावेत तसे विजारीला पुसतं आणि आपली बोटं तोंडाशी नेतं. दोन बसतात. तिसऱ्याला जागा नाही.

"कधीपासून खातोस?"

"सातवीपास्नं."

"उद्या शिरूरला चल माझ्याबरोबर. दातांच्या डॉक्टरकडं."

"उद्या कसं? फड संपला की दुसऱ्या गावाला हलायचंय." तो मुकादमाकडं बघतो. मुकादम ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून पुडी फाडतोय.